मागच्या खोलीचा रंग

पाळकीणबाईंनी टेबलक्लॉथ काउंटरवर पसरला आणि बरोबर मध्यावरच्या हिरव्या डागावर बोट ठेवलं.

"एवढा काढून दे बाई. दारं रंगवायला माणूस लावला होता, त्याच्या हातून ब्रश निसटला."

थोरलीने कापड उजेडात धरलं, डाग नखाने खरवडून पाहिला, मग वास घेतला. घरातली पहिली मुलगी म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत. धाकटा भाऊ लांबच्या शहरात नोकरीला होता आणि तिथून फोनवर काळजी करायचा. लाँड्री मात्र तिची स्वतःची होती, आणि कपड्यांच्या बाबतीत खोटी आशा दाखवणं तिला जमत नसे.

"ऑइलपेंट आहे. वाळून दगड झालाय. ओला असताना आणला असतात तर काही करता आलं असतं. आता याच्यावर फुलदाणी ठेवा."

"असं काय करतेस? आईच्या एप्रनवरचे नाही का काढत दरवर्षी? मी तर अख्ख्या चर्चला सांगत असते, थोरलीच्या हातात जादू आहे म्हणून."

थोरलीने कापडाची घडी घालायला घेतली होती, ती अर्ध्यात राहिली.

"कुठल्या एप्रनवरचे?"

"सेवाफेरीच्या गं. आई म्हणते ना, मुलगी ऐकतच नाही, घरात पाऊल टाकलं की एप्रन ओढून घेते आणि धुऊन टाकते."

थोरली हसली. गिऱ्हाइकासमोर हसायची तिला सवय होती. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच, कारण त्या एप्रनला तिने जन्मात हात लावला नव्हता.

त्यांच्या मंडळीची ही जुनी रीत. शाळांना सुट्ट्या लागल्या की दहाबारा जण आठवडाभर डोंगरावरच्या दवाखान्यात सेवेला जायचे. भिंती रंगवायच्या, गळके नळ बदलायचे, दारांच्या बिजागऱ्या बसवायच्या. जाताना प्रत्येकाला एक निळा एप्रन मिळे, आणि परत आल्यावरच्या रविवारी सगळे तो एप्रन न धुता, डागांसकट घालून उपासनेला येत. ज्याच्या अंगावर डाग जास्त त्याची मान ताठ. एका बहाद्दराने तर घरी येऊन उरलेला रंग स्वतःवर शिंपडून घेतला होता, अशी बोलवा होती. या सगळ्या रंगपंगतीत आई दरवर्षी स्वच्छ एप्रन घालून बसत असे आणि मुलीच्या नावावर बिल फाडत असे, हे थोरलीला आज कळत होतं. कळणार तरी कसं? त्या एका रविवारी ती हटकून दुकान उघडं ठेवायची, आधी आठवडाभर तुंबलेल्या कपड्यांपायी, आणि नंतर मुद्दाम.

त्यालाही कारण होतं. बाबा गेले ते सेवाफेरीच्याच आठवड्यात.

अर्धांगवायूने बाबा कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेले होते आणि आई त्यांचं सगळं करायची. पण सेवाफेरी आली की ती पिशवी भरायची आणि निघायची, त्या आठवड्यात बाबा थोरलीकडे. "देवाच्या कामाला सुट्टी नसते," असं आई म्हणे, आणि थोरली ओठ घट्ट मिटून घेई. त्या वर्षी बाबा दुपारी गेले. थोरलीने दवाखान्यात फोन केला, पलीकडच्या बाईने निरोप देते म्हणून सांगितलं, आणि मग ती फोनशेजारी बसून राहिली. आईचा फोन यायला दिवस कलला. सकाळी आई गाडीतून उतरली तेव्हा थोरलीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "भिंत पुरी करूनच फोन केलास ना?" आईने नुसती मान खाली घातली होती. आणि पुढच्या वर्षी ती परत गेली होती.

पाळकीणबाई डागासकट टेबलक्लॉथ घेऊन गेल्या. थोरली इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली खरी, पण तिला ती सकाळ आठवत होती. आई उतरली होती एप्रन घालूनच. एक थेंब रंग नव्हता त्यावर. आणि डाव्या अंगाने, खांद्यापासून खालपर्यंत, तो पार चुरगळलेला होता. थोरलीच्या धंद्यात चुण्याही बोलतात. गाडीत बसून पडलेल्या चुण्या मांडीवर आडव्या असतात. आईच्या एप्रनवरच्या उभ्या होत्या, अंगाखाली दबून पडलेल्या. तेव्हा रडारडीत तिने त्या नजरेआड केल्या होत्या. आज मात्र त्या एकेक करून समोर आल्या.

आडवी झाली होती आई. कुठे? बाबा इकडे शेवटच्या घटका मोजत असताना भरदुपारी कुठे आडवी झाली होती? मनात नको ते आलं आणि थोरलीला स्वतःचीच शरम वाटली. तरी ते गेलं नाही.

आई घरी होती, पाटावरून पडून मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवर. पडल्या पडल्या तिला चैन नव्हतं. कधी लसूण सोलायला मागे, कधी नातीच्या कुर्त्याची शिलाई उसवून परत घाली. थोरली तिच्या उशाशी बसली.

"आई, या वर्षी तुझ्या जागी सेवाफेरीला मी जाते म्हणते."

आईच्या हातातला लसूण पांघरुणावर पडला.

"तुला कशाला? दुकान कोण बघेल?"

"हे बघतील. आणि तुझ्याजवळ माझी लेक आहे, तिला कॉलेजला सुट्टीच आहे."

"माझ्या जागी कुणी जायलाच हवं असं थोडंच आहे? एक माणूस कमी गेल्याने दवाखाना पडत नाही."

"इतकी वर्षं तर म्हणायचीस, मी नाही गेले तर मागची खोली कोण रंगवेल."

आईने पांघरुणावरच्या पाकळ्या शोधून शोधून गोळा केल्या. मग म्हणाली, "गेलीसच तर व्हरांडा घे. मागच्या खोलीचं तू बघू नकोस. ते बघतील."

"ते म्हणजे कोण?"

"आहेत माणसं," आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तिला दिवसा झोप येत नसे, हे थोरलीला चांगलं माहीत होतं. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि कुठे ते बघायचंच असं थोरलीने ठरवलं.

गाडीत तिची जागा शाळेच्या बाईंशेजारी होती. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण सेवाफेरीचं पुढारपण त्यांच्याकडे होतं आणि आवाज अजून वर्गातलाच होता. थोरली चढताच मागच्या बाकांवरची बडबड गपकन थांबली. मग वायरमनने उगाचच खिडकीबाहेर बघून, "हवा छान आहे," असं सांगितलं. वायरमन हा गृहस्थ एरवी गाडी सुटायच्या आत दोन विनोद सांगणारा. त्याच्या तोंडून हवा छान आहे हे ऐकून, सगळे काहीतरी लपवतायत अशी थोरलीची खात्रीच पटली.

"आई दरवर्षी मागची खोलीच रंगवायची ना?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"हो. मन लावून करायची हं," बाई म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

मागे कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसू दाबलं असंही थोरलीला वाटलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या आरशात तिला ड्रायव्हर दिसत होता. तोही तिच्याकडेच बघत होता आणि नजरानजर होताच रस्ता फार अवघड असल्यासारखा पुढे झुकला.

दवाखाना म्हणजे लांबलचक व्हरांड्याची एक बैठी इमारत होती. स्वागताला मेट्रन उभी होती, आईच्याच वयाची, हाडापेराने मजबूत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने थोरलीचा हात हातात घेतला.

"आईचं हाड जुळतंय का नीट? रात्री उठावं लागत असेल तुला."

"लागतं की."

"किती वेळा?"

थोरलीने खांदे उडवले. मेट्रन तिच्या चेहऱ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. माणूस असा बघतो तो काहीतरी लपवायचं असेल तरच, असा हिशेब करून थोरलीने हात सोडवून घेतला.

तिला काम मिळालं व्हरांड्याचे गज रंगवायचं. पांढरा रंग, पातळ ब्रश. मागची खोली व्हरांड्याच्या शेवटाला, वळणाच्या पलीकडे होती. पाण्याच्या निमित्ताने थोरली तिथे जाऊन आली. दाराला कुलूप. खिडकी आतून बंद.

"त्या खोलीत काय आहे?" तिने बाईंना विचारलं.

"अडगळ. जुन्या खाटा वगैरे."

"मग रंगवता कशाला दरवर्षी?"

बाईंनी चाळीस वर्षं पोरांच्या उलट प्रश्नांना उत्तरं दिली होती, पण आता त्यांनी गजांकडे बोट केलं. "त्या शेवटच्या गजाचा खालचा भाग राहिलाय," असं म्हणून त्या लगबगीने निघून गेल्या. गज राहिला नव्हता.

जेवणाच्या वेळी वायरमन तिच्या समोर बसला. भाकरीचा तुकडा मोडताना त्याची बाही वर सरकली, आणि थोरलीला कोपरावर हिरव्या रंगाचा ओला पट्टा दिसला. सगळ्या इमारतीत त्या दिवशी हिरवा डबा कुणी उघडला नव्हता. थोरलीची नजर कुठे आहे हे लक्षात येताच वायरमनने बाही मनगटापर्यंत ओढली आणि भाजीत मीठ छान पडलंय म्हणाला.

म्हणजे कुलूपबंद अडगळीच्या खोलीत वायरमन रंग देत होता. आईची खोली. आईने कधीच न रंगवलेली.

जेवण झाल्यावर थोरली हात धुवायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेली. तिथे दोरीवर धुणं वाळत होतं. रोग्यांच्या चादरी तिने एका नजरेत ओळखल्या, खळ घातलेल्या, एकसारख्या. टोकाला मात्र वेगळेच कपडे होते. एक जाड पडदा, दुहेरी अस्तराचा, उजेडाचा किरण आत येऊ नये असा शिवलेला. एक मऊ चादर. आणि उशीचा एक अभ्रा, निळ्या रेघांचा.

थोरलीने तो अभ्रा हातात घेतला आणि तिचे हात थांबले. कोपऱ्यात इस्त्रीचा पुसट तपकिरी ठसा होता. तो ठसा तिचाच होता. लाँड्रीचं काम शिकायला लागली तेव्हा सरावाला बाबांचा निळ्या रेघांचा सदरा घेतला होता, आणि नेमका खिशाजवळ जाळला होता. बाबा म्हणाले होते, असू दे, खिशात रुमाल ठेवला की दिसत नाही. त्यांच्या मागे तो सदरा तिने घरभर शोधला होता. आईला विचारलं तर, कुणाला तरी दिला असेल, म्हणाली होती.

इथे होता. अभ्रा शिवून, कुणाच्या तरी उशीला.

थोरलीने अभ्रा दोरीवरून खेचून काढला. दोन चिमटे उडून पडले. ती तशीच व्हरांड्याला वळसा घालून मेट्रनच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. 

"मागच्या खोलीची किल्ली द्या."

मेट्रनने अभ्र्याकडे पाहिलं. मग ती उठली.

"उघडते. पण आधी हात धू. पांढरा रंग लागेल त्याला."

दार उघडलं तेव्हा वायरमन आत स्टुलावर उभा होता, हातात ब्रश. मागच्या दाराने त्याची जा-ये चालू होती तर. थोरलीला पाहून तो खाली उतरला. "मी जरा नळ बघून येतो," असं पुटपुटून पसार झाला. नळ वायरमनने बघायची काही गरज नव्हती, पण त्याला कुणी अडवलं नाही.

खोली लहानशी होती. तीन भिंती ताज्या हिरव्या, चौथी अर्धी. मधोमध एक खाट, जाड गादीची, वर अभ्रा नसलेली उशी. एक खुर्ची. पाण्याचं भांडं. एवढंच.

"इथे कोण राहतं?" थोरलीने विचारलं.

"वर्षभर कुणी नाही. सेवाफेरीत तुझी आई."

"काय करते ती इथे?"

"झोपते."

"रात्री झोपते ते समजलं. दिवसा काय करते?"

"दिवसा पण झोपते."

थोरलीला वाटलं आपली चेष्टा चाललीय. पण मेट्रनच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि बसली.

"पहिल्या वर्षी तिला हीच खोली दिली होती. मी तासाभराने बघायला आले. भिंतीचा खालचा भाग रंगवायला म्हणून बसली होती ती तशीच फरशीवर कलंडली होती. हातात ब्रश. रंग वाळून ब्रश कडक झालेला. मला आधी वाटलं चक्करबिक्कर आली. नाडी बघितली तर गाढ झोप. पण माझ्या चपलेचा आवाज झाला तशी झोपेतच म्हणाली, आले आले. रोग्याजवळ राहणारं माणूस लगेच ओळखू येतं बघ. झोपलं तरी त्याचे कान दाराशी असतात."

थोरलीने खाली फरशीकडे पाहिलं.

"मी दार लावून घेतलं. भिंत बाकीच्यांनी पुरी केली. ती दुसऱ्या दिवशी उठली आणि जी रडायला लागली, की मी सेवेला आले आणि झोपा काढल्या, आता मंडळीला काय तोंड दाखवू. मी म्हटलं, देवानेसुद्धा एक दिवस विसावा घेतला, तू कोण त्याच्याहून मोठी लागून गेलीस? पुढच्या वर्षी आम्ही खाट टाकली. मग पडदा केला. पोरं भिंत रंगवतात, शेवटच्या दिवशी तिच्या हातात ब्रश देऊन फोटो काढतात."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"पाळक सोडून. त्यांना कळलं असतं तर त्याच्यावर प्रवचन झालं असतं."

थोरली हसली नाही. अभ्रा तिच्या मुठीत चुरगळत होता.

"म्हणजे बाबा गेले तेव्हा ती झोपली होती."

"हो."

"मी फोन केला तेव्हा."

"फोन मी घेतला होता," मेट्रन म्हणाली. तिने कमरेचा जुडगा सोडून मांडीवर ठेवला आणि एकेक किल्ली सरळ करत राहिली. "तुझाच आवाज होता. निरोप देते म्हटलं आणि इथे आले. ती कुशीवर झोपली होती, एप्रनसकट. काढायचंही भान नव्हतं. खाली जाणारी गाडी संध्याकाळशिवाय नव्हती. म्हटलं, आत्ता उठवून काय करू? गाडी येईपर्यंत ऊर बडवत बसेल. पुढे तर तिला दिवसच्या दिवस झोप लागायची नाही. मी जाऊन चहा टाकला. चहा उकळला. गार झाला. परत टाकला. मग उठवलं."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"तिला अजून वाटतं की फोन तेव्हाच आला. तिला मी सांगितलं नाही. तुला सांगते, कारण फोन तू केला होतास."

थोरलीला संताप आला. या बाईने कोण म्हणून ठरवलं? ती स्वतः मेलेल्या बापाशेजारी फोनकडे डोळे लावून बसली होती, आणि इथे चहा गार होत होता. ते सगळं तिच्या जिभेवर आलं. पण त्याच वेळी तिला दुसरंही काही दिसत होतं. भिंत पुरी करूनच फोन केलास ना, असं तिने चारचौघांत विचारलं तेव्हा आईने मान खाली घातली होती. नाही म्हणता आलं असतं तिला. पण मग काय करत होतीस, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. झोपले होते म्हणण्यापेक्षा आईने भिंतीचा आळ पत्करला होता.

वर्षातला एक आठवडा बाबांचं करताना थोरलीचा जीव मेटाकुटीला यायचा. शनिवार कधी येतो असं व्हायचं तिला. बाकीचे सगळे आठवडे कुणाचे होते, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं.

"हा बाबांचा सदरा आहे," ती म्हणाली. 

"माहीत आहे. पुढच्या वर्षी घेऊन आली. म्हणाली, घरी याच्यावर डोकं टेकलं तर पोरीला दिसेल." मेट्रन उठली. तिने थोरलीच्या मुठीतून अभ्रा सोडवला, झटकला आणि उशीला चढवला. "पाय दुखत असतील. बस जरा. मी पडदा घेऊन येते."

"मला गज रंगवायचेत."

"गज कुठे पळून जातात का?"

थोरली खाटेच्या काठावर बसली. नुसती बसायची म्हणून बसली. मेट्रनने पडदा लावला तेव्हा खोली एकदम शांत झाली, आणि थोरलीला जाणवलं की तिचे कान खाटेचा आवाज शोधतायत, घरच्या खाटेचा, बोलवायला म्हणून आई आपटते त्या काठीचा. इथे कुणी हाक मारणार नव्हतं. आईशी भांडायला कुठून सुरुवात करायची ते तिने मनाशी जुळवायला घेतलं. एप्रनपासून, की सदऱ्यापासून? तिने विचारासाठी म्हणून उशीला डोकं टेकलं. अभ्र्याला उन्हाचा वास येत होता.

जाग आली तेव्हा सकाळ आहे की संध्याकाळ हे तिला कळेना. चौथी भिंत पूर्ण हिरवी झाली होती. कुणी, कधी, तिला पत्ता नव्हता. उशाशी झाकलेलं ताट होतं. तिने ते सगळं खाल्लं, पाणी प्यायली आणि परत आडवी झाली. आपण हे काय करतोय असं एकदा मनात आलं. पुढे काय आलं ते आठवत नाही.

निघायच्या दिवशी बाईंनी तिला भिंतीसमोर उभं केलं आणि हातात कोरडा ब्रश दिला.

"जरा वर धर. दमल्यासारखी दिस. फार ताजीतवानी दिसतेयस."

मागून वायरमन म्हणाला, "आईपेक्षा हिचं काम सफाईदार आहे हं, घोरते कमी," आणि सगळे हसले. थोरलीही हसली, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

जाताना मेट्रन गाडीपर्यंत आली. अभ्रा नेतेस का, असं तिने विचारलं. थोरलीने थोडा विचार केला आणि मान हलवली. "राहू दे. इथेच लागतो तो."

घरी आल्यावर ती आधी आईच्या खाटेशी गेली. आईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग नजर थोरलीच्या नखांवर येऊन थांबली. नखं स्वच्छ होती.

"व्हरांडा केलास?"

"थोडा केला. मग मागची खोली."

आईने पांघरूण छातीपर्यंत ओढलं.  बाहेर लेक पिशव्या आत आणत होती.

"रंग कुठला दिला?" आईने विचारलं.

"हिरवा."

"उशी होती?"

"होती."

"अभ्रा?"

"होता. धुतलेला."

आईचा हात पांघरुणाबाहेर आला आणि थोरलीच्या मनगटावर टेकला, एवढंच. भांडण कुठून सुरू करायचं ते थोरलीने गाडीत परत एकदा जुळवून आणलं होतं. ते तिला आता आठवेना. चहाचं मात्र आठवत होतं, एकदा उकळून गार झालेल्या आणि परत टाकलेल्या. ते ती बोलली नाही, आणि बोलणारही नव्हती.

"आई, तुझी पिशवी दुकानात देते गं," लेक दारातून म्हणाली. "मशीन लागलेलंच आहे. एप्रन पण टाकू?"

"थांब!" थोरली ताडकन उठली. तिने लेकीच्या हातातून पिशवी हिसकून घेतली, न्हाणीघरात नेली, बादलीत पाणी सोडलं आणि एप्रन त्यात बुडवला. लेक मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

"स्वतःची लाँड्री असताना बादलीत काय धुतेस?"

"डाग पक्के आहेत. हातानेच निघतात."

लेकीने वाकून बादलीत पाहिलं. निळं कापड पाण्यावर फुगून तरंगत होतं, कुठे पांढरा नाही, कुठे हिरवा नाही. तिने बादलीवरून नजर उचलली आणि थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली, भुवया जवळ आणून. थोरलीने ती नजर ओळखली. स्वतःचीच होती.

"कुठेयत डाग?" लेक म्हणाली.

थोरली खाली मान घालून एप्रन चोळत राहिली. तेवढ्यात आतून, खाटेवरून, आईचा आवाज आला.

"अगं, वाळत घालताना झटकून घाल. नाहीतर चुण्या दिसतात."